ने की वर? इंग्रजी प्रिपोझिशनशी झटापटीच्या नोंदी

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे या नोंदी कुणाच्या कामाच्या ते कळेल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये डिस्पॅच आणि ग्राहकांचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर आमची बॅच कधीच बाहेर पडली होती. मेल लिहितो, समोरच्याला अर्थ लागतो, एवढ्या भांडवलावर पंधरा वर्षं निघाली. सोळाव्या वर्षी दणका बसला.

१२ फेब्रुवारी २०२४

परगावच्या ग्राहकाचा मेल: प्लीज रिड्यूस द थिकनेस बाय ५ एमएम. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची चकती, जाडी १२. मी ऑपरेटरला सांगितलं, "पाचवर आण." तो म्हणाला, "बारावरनं एकदम पाच? लईच पातळ हुतंय की, साहेब." मी म्हणालो, "मेल आलाय, कर."

संध्याकाळपर्यंत १४ नग तयार. क्वालिटीच्या पोरानं मेल पुन्हा वाचला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. बाय ५ म्हणजे पाचने कमी. जाडी ७ राहायला हवी होती. पाचवर आणायचं असतं तर टू ५ लिहिलं असतं. धातू उतरवता येतो, चढवता येत नाही, आणि बिडावर वेल्डिंगचा भर घातलेला ग्राहक घेत नाही. कास्टिंग आणि मशीनिंग धरून नगाला ८०० रुपये, एकूण ११,२००. मालकांनी पगारातून कापले नाहीत, पण १४ चकत्या माझ्या टेबलाशेजारी रचून ठेवल्या. अजून तिथंच आहेत.

ऑपरेटरला ते दिसलं होतं, मला दिसलं नाही. जे वाचतोय ते मला येतंय असंच मी धरून चाललो होतो.

१३ ते २० फेब्रुवारी

बाजारातून प्रिपोझिशनचं, म्हणजे बाय, टू, ऑन असल्या छोट्या शब्दांचं, एक पातळ पुस्तक आणलं, ६० रुपये. रोज दहा पाठ करायची ठरवली. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये, फ्रॉम म्हणजे पासून. सहाव्या दिवशी बंद. हे सगळं मला पाचवीतच येत होतं. एकट्या बायसमोर सहा अर्थ छापले होते: ने, कडून, जवळ, पर्यंत, वरून, प्रमाणे. मेल लिहिताना त्यातला कुठला उचलायचा, याबद्दल पुस्तक गप्प.

गेले: ६० रुपये आणि एक आठवडा.

२६ फेब्रुवारी ते ८ मार्च

संध्याकाळचा क्लास लावला. दोन महिन्यांचे ३,००० रुपये आगाऊ भरले. नऊ दिवस गेलो. फळ्यावर खोका आणि चेंडू. चेंडू खोक्यात, खोक्यावर, खोक्यामागे, दोन खोक्यांच्या मधे. मग मांजर आणि टेबल. मांजराच्या बाबतीत माझी चूक कधीच होत नाही. माझं मांजर पेमेंटमध्ये, रिजेक्शनमध्ये आणि तारखांमध्ये दडलेलं असतं, आणि तिथं खोका कामाला येत नाही. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं म्हणे.

१८ मार्च

मोबाइलवर गाळलेल्या जागा भरायचं ॲप. दोन आठवडे रोज अर्धा तास. आज शंभरपैकी ९२ आले. पोरगीला दाखवलं, ती खूश.

तासाभरानं मीच पाठवलेला मेल तिनं मागे उभं राहून वाचला: वी डिस्कस्ड अबाऊट द रिजेक्शन. "पप्पा, डिस्कसला अबाऊट लागत नाही." ती आठवीत, सेमी इंग्रजीत आहे. मी म्हणालो, मग ९२ कसे आले?

रात्रभर डोक्यात तेच. ॲपमध्ये रिकामी जागा दिसते, म्हणजे इथं काहीतरी भरायचंय हे आधीच ठरलेलं असतं. मेलमध्ये ती रेघ कुणी मारून देत नाही. कुठं जागा आहे आणि कुठं नाही, इथंच मी मार खातोय. त्या सरावाचा उपयोग शून्य. ॲप काढून टाकलं.

३१ मार्च

राजारामपुरीत आमच्या शाळेच्या बाई राहतात. आम्हाला इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त. भीतभीतच गेलो. सगळं ऐकून म्हणाल्या, "पुस्तक आणू नकोस. तुझ्या चुका घेऊन ये. छापून आण, मला स्क्रीनवर दिसत नाही." फीचं विचारलं तर म्हणाल्या, "तू कारखान्यातला ना? मग आधी या गेटची कडी बसवून दे."

७ आणि १४ एप्रिल

गेल्या तीन महिन्यांतले माझे ६० मेल छापले, ग्राहकांची नावं काळी केली. दोन रविवार मिळून पाच तास. बाईंनी फक्त चुकीच्या प्रिपोझिशनभोवती गोल करायचे आणि काय हवं ते मी सांगायचं. एकूण ११२ गोल. बाई अधूनमधून "अरेरे" म्हणायच्या, तेवढंच.

त्याचे तीन ढीग झाले. नको तिथं घुसवलेली ४१. हवी तिथं गाळलेली २३. एकाच्या जागी दुसरी वापरलेली ४८.

मला वाटायचं तिसराच ढीग सगळ्यात मोठा असणार, बाकी किरकोळ. प्रत्यक्षात पहिला त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा.

२१ एप्रिल

पहिला ढीग. माझे मानकरी: डिस्कस अबाऊट, रिक्वेस्ट फॉर, ऑर्डर फॉर, कॉन्टॅक्ट टू, रीच टू, एन्टर इन, इन्फॉर्म टू, एम्फसाइझ ऑन.

बाई म्हणाल्या, पाठ कर. मी केलं, चार दिवसांत विसरलो. मग जेवताना एकदम सुचलं. मराठीत आपण चर्चा "करतो", विनंती "करतो", मागणी "करतो", संपर्क "साधतो", भर "देतो". म्हणजे मधे एक नाम बसलेलं असतं आणि कशाची चर्चा, कशावर भर, हे सांगायला त्याला शेपूट लागतं. इंग्रजीतही नाम असेल तेव्हा शेपूट लागतंच: अ डिस्कशन अबाऊट द प्राइस, अ रिक्वेस्ट फॉर समथिंग, एम्फसिस ऑन क्वालिटी. पण तोच शब्द क्रियापद झाला की शेपूट गळतं: डिस्कस द प्राइस, रिक्वेस्ट अ चेंज, एम्फसाइझ क्वालिटी. मी क्रियापद इंग्रजीतलं घेत होतो आणि शेपूट मराठीतल्या नामाचं लावत होतो.

बाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवलं, पण हे असं मांडलं नव्हतं." हे मी घरी तीन वेळा सांगितलं.

आता युक्ती अशी: मेलमध्ये असा शब्द आला की त्याच्या आधी "अ" किंवा "द" लावून बघतो. लागला तर नाम, शेपूट ठेवा. नाही लागला तर कापा. रीच, इन्फॉर्म, एन्टर यांना ही युक्ती नीट बसत नाही, ती पाठच केली.

२८ एप्रिल

उलटा फटका. कापायची इतकी सवय लागली की ग्राहकाला वी टॉक्ड द प्राइस असं गेलं. टॉकला अबाऊट लागतंच. कम्प्लेनलाही लागतं. औषध जास्त झालं. युक्ती चालते ती फक्त पहिल्या ढिगातल्या डिस्कस, रिक्वेस्ट, एम्फसाइझ असल्या शब्दांना. वहीत लाल पेननं लिहून ठेवलं.

गाळलेल्यांचा ढीग याच आठवड्यात उरकला, त्यात फारसं काही नाही. वेट फॉर, लिसन टू, पे फॉर, आस्क फॉर, एक्स्प्लेन टू. मराठीत "तुमची वाट बघतोय" यात वेगळं काही दिसत नाही म्हणून मी वेटिंग यू लिहायचो. हे तेवीसही पाठ केले, कारण दुसरा मार्ग सापडला नाही.

५ मे

आता तिसरा ढीग, एकाच्या जागी दुसरी. बाईंनी तो इंग्रजी शब्दांनी लावायला घेतला: बायच्या चुका, ऑनच्या चुका. जमेना. मी तो मराठी प्रत्ययांनी लावला, म्हणजे मेल लिहिताना डोक्यात मराठीतलं काय होतं त्यावरून. पर्यंत, पासून, ने, वर, ला, त. एका दुपारीच ढिगाला आकार आला. ज्याला हेच काम करायचंय त्यानं इथूनच सुरू करावं. मला इथं यायला तीन महिने लागले.

पहिला पर्यंत. जानेवारीतला माझा मेल: वी विल डिस्पॅच द मटेरियल अंटिल फ्रायडे. ग्राहकानं उत्तर दिलं होतं: सो, नथिंग आफ्टर फ्रायडे? तेव्हा मला वाटलं गंमत करतोय. त्याला खरंच वाटलं होतं की आम्ही शुक्रवारपर्यंत रोज माल पाठवत राहणार आणि मग थांबणार.

शुक्रवारपर्यंत पाठवतो आणि शुक्रवारपर्यंत थांबतो, मराठीत पर्यंत तोच. इंग्रजीत पहिला बाय, दुसरा अंटिल. चाचणी मराठीतच आहे: पर्यंतच्या जागी "च्या आत" बसतंय का? शुक्रवारच्या आत पाठवतो. बसलं, बाय. "तोवर" बसतंय का? शुक्रवार उजाडेल तोवर थांबतो. बसलं, अंटिल. शुक्रवारपर्यंत पाठवू नका यातही तोवरच बसतं, म्हणून डोन्ट सेंड अंटिल फ्रायडे. (ही ओळ नंतरची: चार महिने झाले, ही चाचणी एकदाही फसली नाही.)

१९ मे

पासून. आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फिफ्टीन इयर्स, हे मी मुलाखतीत, मेलमध्ये, ओळख करून देताना बिनधास्त म्हणत आलो. आपण २००९ पासूनही म्हणतो आणि पंधरा वर्षांपासूनही म्हणतो, म्हणून.

हे व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) हातात घेऊनच समजलं. सिन्स म्हणजे पट्टीवरची शून्याची खूण: सिन्स २००९, सिन्स मंडे, सिन्स द लास्ट ऑर्डर. फॉर म्हणजे मोजलेली लांबी: फॉर फिफ्टीन इयर्स. खूण विचारलीय की लांबी? शिवाय ॲम वर्किंग नाही, हॅव बीन वर्किंग. बाईंनी त्यावर वेगळा अर्धा तास घेतला, पण ते क्रियापदाचं दुखणं, इथं नको.

३० मे

नवीन घोटाळा. ट्रान्सपोर्टवाल्याचा मेसेज: द ट्रक विल अराइव्ह इन टू डेज. मी वाचलं "दोन दिवसांत", म्हणजे कधीही, कदाचित आज रात्रीसुद्धा. पॅकिंगच्या चार पोरांना ओव्हरटाइमला थांबवलं, चहा-वडापाव झाला, रात्री अकराला घरी पाठवलं. ट्रक तिसऱ्या दिवशी सकाळी, त्यानं सांगितल्याप्रमाणे.

इन टू डेज म्हणजे सहसा दोन दिवसांनी. दोन दिवसांच्या आत म्हणायचं असेल तर विदिन टू डेज. आपल्याकडे त आणि नी यांत एवढा फरक आहे, आणि इन दिसला की माझा हात थेट त कडे जातो. मी स्वतः लिहिताना आफ्टर टू डेज लिहायचो. तेही चालतं, पण पुढच्या वायद्यासाठी त्यांच्या कानाला इन बरा लागतो. पॅकिंगची पोरं आता मला इन साहेब म्हणतात. तोंडावर नाही.

२३ जून

इन, ऑन, ॲट यांतला ॲट मला सगळ्यात परका. बाईंनी सांगितलं, नेमका बिंदू असेल तर ॲट. मान डोलावली, डोक्यात शिरलं नाही.

काल भट्टीवाल्यांकडे गेलो होतो. लेडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) वितळलेल्या लोखंडात तापमान मोजायचा पायरोमीटर बुडवला, काट्यानं १४०० दाखवलं, तिथल्या सुपरवायझरनं रजिस्टरला लिहिलं: पोअर्ड ॲट १४०० डिग्रीज. शेजारी आमचंच चलन पडलं होतं: २० नग @ ८००. फोनवर मेल आयडी सांगताना पंधरा वर्षं मी या चिन्हाला ॲट द रेट म्हणतोय. ॲट द रेट! दर हा मापावरचा एक बिंदूच की. दर, तापमान, वेग, वेळ, सगळीकडे काटा एका जागी उभा आहे. ॲट ८०० रुपीज, ॲट ४५० आरपीएम, ॲट फाइव्ह ओ'क्लॉक. ॲट माझ्या चलनावर रोज येत होता आणि मी त्याला परका म्हणत होतो.

ॲट नाइट मात्र यात बसत नाही. रात्र कुठं बिंदू असते? बाई म्हणाल्या, "ते असंच आहे, वाद घालू नकोस."

२५ जुलै

चार दिवस धो धो पाऊस, कामगार निम्मे आले. कोल्हापुरात या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच हिशोब असतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती. इशारा ३९ फूट, धोका ४३. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "रात्रीत दोन फुटांनी वाढलं." दुसरा म्हणाला, "आता कितीवर आहे?"

चहा हातात तसाच राहिला. दोन फुटांनी वाढलं: रोझ बाय टू फीट. ४३ वर गेलं: रोझ टू फॉर्टी-थ्री फीट. ४३ वर आहे: स्टँड्स ॲट फॉर्टी-थ्री. धोका पातळीच्या वर: अबव्ह द डेंजर लेव्हल. माझे १४ फ्लँज, बाय आणि टू, ने आणि वर. लहानपणापासून दर पावसाळ्यात मी हे बरोबर बोलत आलोय. पंचगंगेच्या बाबतीत कुणी कोल्हापूरकर "दोन फुटांवर वाढलं" म्हणणार नाही. फेब्रुवारीत मेल वाचताना मला एवढंच विचारायचं होतं: ने की वर?

त्याच दिवशी ते दोन शब्द मशीनवर खडूनं लिहिले. ऑपरेटरला नदीचा दाखला दिला. त्यानं मला पुढं समजवायची वेळ आणली नाही.

११ ऑगस्ट

ने चा उरलेला हिशोब. हातोडीने ठोकलं: विथ अ हॅमर. बसने आलो: बाय बस. माझ्याकडून झालं: बाय मी. माझी ढोबळ ओळ: हातात धरलेलं हत्यार असेल तर विथ, प्रवासाचं साधन किंवा करणारा माणूस असेल तर बाय. पण वाहनाच्या आधी माय, द असं काही आलं की बाय पळून जातो: इन माय कार, ऑन द बस.

मग कशात इन, कशात ऑन? बाईंचा ठोकताळा असा की ज्यात उठून उभं राहून चालता येतं त्याला ऑन: बस, ट्रेन, विमान, जहाज. वाकून शिरावं लागतं त्याला इन: कार, टॅक्सी, रिक्षा. टांग टाकून बसायचं असेल तर परत ऑन: सायकल, मोटारसायकल. मी विचारलं, वडाप (आमच्याकडची खाजगी शेअर जीप)? बाई म्हणाल्या, "आत बसलास तर इन. मागे लटकलास तर ऑन, आणि पडलास तर ऑफ."

वर चं मात्र मिटलेलं नाही. माझ्यावर रागावला, अँग्री विथ मी. माझ्यावर विश्वास, बिलीव्ह इन मी. पण माझ्यावर अवलंबून, डिपेंड ऑन मी, इथं जुळतं. यात काही सूत्र सापडलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर अशा २६ जोड्या आहेत, क्रियापद आणि प्रिपोझिशन एकत्र, एका दमात वाचायच्या. रोज दात घासताना एकदा.

१ सप्टेंबर

फेरतपासणी. जुलै-ऑगस्टमधले ६० मेल, तेवढेच, त्याच बाई, तोच लाल पेन. एकूण ३१ गोल. घुसवलेली ६, गाळलेली ४, चुकीची २१. चुकीच्यांपैकी १३ चुका "वर" आणि "ला" च्या. पर्यंत आणि पासूनची एकही नाही.

खर्च: पुस्तक ६०, क्लास ३,०००, छपाई आणि वही मिळून २५० च्या आसपास. बाईंच्या गेटची कडी, मग नळ, मग मिक्सर. स्क्रॅपचे ११,२०० वेगळे. वेळ: कामाचा वेळ रविवारचे दोन-अडीच तास, वाया गेलेला म्हणाल तर १३ फेब्रुवारी ते ३१ मार्च अख्खा.

१९ सप्टेंबर

नवीन ड्रॉइंगचा बदल आला: बोअर टू बी ओपन्ड अप बाय ०.५. मी मेल वाचून शॉपमध्ये जाईपर्यंत ऑपरेटरच्या हातात प्रिंट होती. त्यानं बोअर, म्हणजे नगाचं आतलं भोक, मोजला, पाटीवर आकडा लिहिला, मला विचारलं, "साहेब, ने का वर?"

"ने."

त्यानं मशीन लावलं. मग परत बंद केलं. "पण साहेब, अर्धा एकूण व्यासावर, का दोन्ही बाजूनं अर्धा-अर्धा?"

हे मेलमध्ये नव्हतं. ग्राहकाला विचारलंय, ऑन डायमीटर ऑर पर साइड. उत्तर यायचंय, मशीन थांबलेलं आहे.